पावणीच्या नारळावरचा हात

माझा भाऊ अजूनही सांगतो की त्याने जे केलं ते माझ्या बऱ्यासाठी केलं. धारगळच्या चहाच्या गाड्यावर सांगतो, लाटंबार्सेच्या देवळात सांगतो, माझ्या नवऱ्याला तर फोन करून सांगतो. मला फक्त एकदाच तोंडावर सांगितलं, आणि ते मी विसरलेले नाही.

मी काजूवाली. धारगळला हमरस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली बसून भाजलेले काजू विकत होते तेव्हा पावसापाण्याच्या दिवसांत माझ्या डोक्यावर छत्री धरायलाही कुणी नव्हतं. आज त्याच जागेच्या मागे माझी शेड आहे, बिया वाफवायचा बॉयलर आहे, फोडायला आणि सोलायला बायका येतात. यातलं काही सासरने दिलं नाही, माहेरनेही दिलं नाही. मी भाव करून मिळवलं. गोणीत हात कोपरापर्यंत घालायचा, तळातल्या मूठभर बिया वर काढायच्या, विकणाऱ्याच्या समोर एकेक कापायची. गर भरलेला किती, सुरकुतलेला किती, किडका किती ते बघायचं, आणि मगच तोंड उघडायचं. एकदा उघडलं की मी सहसा बंद करत नाही. व्यापारी मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत. मऊ बोलणाऱ्या बाईच्या गळ्यात ते ओल्या बिया मारतात.

तर अशी मी, एका सकाळी सावंतवाडीकडून माल घेऊन आलेल्या जुन्या ओळखीच्या माणसाशी भाव करत होते आणि मध्येच मी स्वतः बोललेला आकडा विसरले. डोक्यात नुसतं धुकं. त्याने एक क्षण वाट पाहिली आणि मग हसला.

"काय गे बाय, आज उपास काय?"

मी त्याला काहीतरी फटकारलं, पण त्या दिवशी भाव त्याने केला, मी नाही.

तसं बरंच आधीपासून चाललेलं होतं. पाळी तीन-तीन महिने यायची नाही आणि आली की अंथरुणावरून उठू द्यायची नाही. कंगव्यात केसांचे पुंजके. काही न खाता वजन वाढायचं. पहाटे पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या किती तरी आधी मी छाती धडधडत जागी व्हायची, जसं कुणी दार ठोकतंय. मग दिवसभर हातपाय शिशाचे. शेडमधल्या बायकांनी दिश्ट काढली, मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सासू म्हणाली, वय झालं. नवरा पेडण्याच्या सरकारी कचेरीत कामाला आहे, शांत माणूस. तो म्हणाला, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, हंगाम संपू दे. असे किती हंगाम गेले.

डिचोलीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड मंदावलेला, साखर काठावर, रक्त कमी. कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "झोपता किती? जेवता कधी? शेवटचं निवांत कधी बसलात?"

"निवांत बसलं तर शेड कोण चालवणार?"

"मी तेच विचारतेय."

मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, गोळी द्या आणि मोकळी करा. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी कुणालाही सांगू शकते, इतकं ते मला पटलं, कारण ते आमच्याच रस्त्यावरचं होतं. त्या म्हणाल्या, "लोखंडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हाचा डिचोलीचा रस्ता आठवतो ना? ट्रकामागे ट्रक. शाळेची बस, भाजीवाला, गरोदर बाईची रिक्षा, सगळे कडेला थांबलेले. तुमच्या अंगात तसं झालंय. अंगावर संकट आलं की शरीर घाईचे हार्मोन सोडतं. कॉर्टिसोल म्हणतात त्यातल्या एकाला. काळीज जोरात चालतं, रक्तात साखर सुटते, पळायला बळ येतं. संकट गेलं की ते ट्रक थांबायला हवेत. तुमचे वर्षानुवर्षं थांबलेलेच नाहीत. मग झोप, पचन, पाळी, सगळं कडेला उभं आहे आणि रस्त्याला खड्डे पडलेत."

"म्हणजे थायरॉइडपण त्यानेच?"

"नुसत्या ताणाने झाला असं मी म्हणणार नाही. त्याची गोळी रोज उपाशीपोटी घ्यायचीच, आयुष्यभर लागली तरी. पण नुसत्या गोळीने तुमच्या पहाटेची धडधड जाणार नाही."

मग त्यांनी सांगितलं: दिवेलागणीला जेवायचं, काळी कॉफी दुपारनंतर बंद, रोज सकाळी चालायचं, श्वासाचे व्यायाम, आणि आठवड्यातला एक दिवस फोनशिवाय. मी घासाघीस सुरू केली. चालते, पण निम्मं. कॉफी एक ठेवा. फोनचं सोडून द्या. त्या ऐकून घेत होत्या आणि लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इथे एकच भाव असतो हो." पेडण्याच्या एका वैद्यबाईंचं नावही त्यांनीच सुचवलं, अंगाला तेल आणि श्वासाचे व्यायाम यांच्यासाठी, पण बजावलं की त्यांनी दिलेलं पोटात घ्यायचं काहीही आधी आपल्याला दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं. तेव्हा माझा भाऊ तिथे होता.

भाऊ माझ्याहून धाकटा. खाणी चालू असताना तो दुसऱ्याचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा तो लाटंबार्सेच्या घरी भिंतीकडे बघत बसलेला असायचा. मी त्याला उठवून शेडमध्ये आणलं. गोणीत हात कसा घालायचा, बी कशी कापायची, बागायतदाराशी कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे त्याला मी शिकवलं. दुसऱ्या कुणाला शिकवलं नव्हतं.

त्या जेवणात त्याने ट्रकांची गोष्ट लक्ष देऊन ऐकली. त्याच्याच धंद्याची होती. मग म्हणाला, "ताये, तू आराम कर. मी आसंय मा."

कुणी मला कधी असं म्हटलं नव्हतं. मला बरं वाटलं. लिहायला संकोच वाटतो, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता एका बागेविषयी सांगते. लाटंबार्सेला डोंगराच्या उतारावर एका म्हाताऱ्या बागायतदाराची काजूची बाग आहे. त्या बागेतल्या बिया मोठ्या, गर गोड, आणि फळाला, बोंडूला, असा वास की रस्त्यावरून जाताना कळावं. मी लहान असताना आईबरोबर तिथे बिया वेचायला जायची, आणि पहिल्यांदा ती बाग मोसमापुरती घेतली तेव्हा मी त्याच झाडांखाली मालकिणीसारखी उभी राहिले. त्यानंतर दर वर्षी ती माझीच. माझ्या पुड्यांवर जे गिऱ्हाईक मुंबई-पुण्याहून परत परत येतं ते त्या बागेच्या काजूला येतं.

बाग हंगामापुरती द्यायची त्या म्हाताऱ्याकडे जुनी रीत आहे. पौषात त्याच्या अंगणात पावणी होते, म्हणजे बोली. पाटावर नारळ ठेवतात. गेल्या वर्षी बाग ज्याच्याकडे होती त्याने नारळावर हात ठेवून पहिला आकडा बोलायचा, मग बाकीच्यांनी. तो आजारी असेल किंवा घरात सुतक असेल तर त्याच्या घरातल्या कुणी त्याच्यासाठी हात ठेवायचा, आणि अशा वेळी त्यावर कुणी चढवून बोलत नाही. आजारी माणसाच्या हातचं काढून घ्यायचं नाही, अशी समजूत. कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडलेली मी पाहिली नव्हती.

त्या पौषात माझं तेल लावणं चालू होतं. वैद्यबाईंकडे सकाळी जायचं, तासभर अंगाला कोमट तेल, मग आडवं पडून श्वास मोजायचा नाही, नुसता बघायचा. फोन नवऱ्याकडे. मी भावाला विचारलं, पावणी कधी? तो म्हणाला, म्हाताऱ्याचा मुलगा मुंबईहून यायचाय, संक्रांतीनंतर बघतो म्हणालाय. मी निर्धास्त पडून राहिले. मला त्या दिवसांत खरंच झोप लागायला लागली होती. पहाटे जाग आली तर ती पदेराच्या भोंप्याने. पाळी वेळेवर आली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला बरं वाटत होतं ते खोटं नव्हतं. ज्याच्या भरवशावर वाटत होतं ते खोटं होतं.

मला कळलं ते बिया वेचणाऱ्या एका बाईकडून. संक्रांतीनंतर ती शेडवर आली आणि दारातच रागाने म्हणाली, "काय गे ताये, आमी मेलंव काय? तुझ्या भावान यंदा बागेत दुसरी माणसां घातल्यान."

"बागेत? बाग अजून खंय घेतली?"

 मग तिनेच सगळं सांगितलं, कारण तिचा नवरा त्या अंगणात उभा होता. पावणी केव्हाच झाली होती. भावाने नारळावर हात ठेवला आणि म्हणाला, "तायेक बरां नाय." अंगणात जमलेल्या सगळ्यांनी बोली सोडली. कुडासेचा एक मोठा व्यापारी, जो दर वर्षी माझ्याशी शेवटपर्यंत भांडतो, तोही म्हणाला, बरी होऊं दे आधी, आणि मागे सरला. बाग माझ्या भावाला पहिल्याच आकड्याला मिळाली. सगळे पांगल्यावर म्हाताऱ्याने विचारलं, नाव बहिणीचंच ना? तेव्हा त्याने स्वतःचं नाव सांगितलं.

माझ्या भांडणाचा धाक, माझ्या दुखण्याची कीव, आणि माझा मान. तिन्ही वापरून त्याने माझीच बाग घेतली.

मी त्याला शेडवर बोलावलं. आला. मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तो खाली मान घालून ऐकत होता आणि मला वाटलं, आता हा रडेल. तेव्हा त्याने मान वर केली आणि अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तसं म्हणाला:

"ताये, ह्यां तू बोलणंस नाय. हे तुझे हार्मोन बोलतत."

सोलणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"काय म्हणालंस मेल्या?"

"डॉक्टरनीनच सांगितलेला मा? तुका ताण नको. बाग म्हणजे ताण. मी तुझ्या बऱ्यासाठीच घेतलंय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो दारात उभा होता, खिशात माझा फोन. तो म्हणाला, "चिडू नकोस. तुला चिडायचं नाही सांगितलंय." आणि त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला आधीपासून माहीत होतं. मी नंतर विचारलं तेव्हा त्याने नाही म्हटलंही नाही. म्हणाला, तू बरी होत होतीस, म्हणून बोललो नाही.

बाग गेली ते मी सोसलं असतं. धंद्यात बागा जातात. पण त्या दिवसापासून माझा राग माझा राहिला नाही. भाजीवाल्याने कुजकं दिलं म्हणून बोलले तर सासू विचारायची, गोळी घेतलीस? नणंदेने टोमणा मारला आणि मी परत मारला तर घरभर नजरानजर. इतकी वर्षं ज्या तोंडावर हे घर जेवलं, ते तोंड आता आजाराची खूण झालं. मी रागाने वैद्यबाईंकडे जायचं बंद केलं. कॉफी सुरू केली. पहाटेची धडधड परत आली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून कपाळाला हात लावला. मी विचारलं, "एक सांगा. माझा हा राग ग्रंथीतून येतो की भावाकडून?"

त्या हसल्या. "रिपोर्टात भाऊ दिसत नाही हो. हार्मोन बिघडले की माणूस चिडचिडा होतो, खरं आहे. म्हणून चिडायला कारणच नसतं असं नाही. राग तुमचा खरा आहे. पण त्याचं भाडं कोण भरतंय ते बघा."

भाडं हा शब्द मला बरोबर लागला. बाग त्याच्याकडे, बिया त्याच्याकडे, आणि पहाटे धडधडत जागी मी. असा सौदा मी आयुष्यात कुणाशी केला नव्हता. मी परत चालायला लागले. चिडून चालायला लागले, हेही सांगते.

कार्तिकात भाऊबीज आली. तो आला. मी पाट मांडला, ओवाळलं. त्याने ओवाळणीत साडी ठेवली आणि वर काजूचा एक डबा. घरचेच, म्हणाला. मी एक तोंडात टाकला. त्याच बागेचा. पण गर अर्धवट भरलेला. मी डबा झाकून आत ठेवला. नवरा खूश झाला, त्याला वाटलं मिटलं.

त्यानंतर डिचोलीला तपासणीला गेले की मी परत येताना लाटंबार्सेला स्कूटर लावून तिथेच चालायची. कुंपणाच्या कडेने, चढावर, हळूहळू. धावायचं नाही, दम लागला की थांबायचं, हे डॉक्टरीणबाईंनीच शिकवलेलं. थांबले की झाडं बघायची. जुन्या झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला, सालीतून डिंक ओघळलेला. खोडकिडा. मी दर पावसाळ्यानंतर बायका लावून बुंधे खरवडून घ्यायची, कीड काढून औषध लावायची. त्याने एकदाही केलं नव्हतं. तो बागेत यायचा तो हंगामात, मोटारसायकलवर, बिया भरून न्यायला. काही फांद्यांची पानं पिवळी पडली होती. एका झाडाखाली मी लहानपणी आईबरोबर भाकरी खाल्लेली. त्याचा डिंक माझ्या बोटाला लागला आणि घरी येईपर्यंत निघाला नाही. त्या पायी चालण्यात मला कळलं की ही बाग पुढच्या हंगामात निम्मीही भरणार नाही.

पौषात पावणी झाली तेव्हा मी गेले. नवरा म्हणाला, कशाला? मी म्हटलं, चालायला.

अंगणात तेच सगळे. भावाने नारळावर हात ठेवला आणि आकडा बोलला, गेल्या वर्षीचाच, बेधडक. आता कुणी बोलणार नाही अशी त्याची खात्री होती. घरच्यावर घरचं माणूस बोलत नाही, तीही एक समजूतच.

मी त्याच्या वर आकडा बोलले.

 भाऊ माझ्याकडे वळला. "ताये, तुका बरां नाय मा?"

"बरां नाय म्हणानच हळू बोलतंय. आयकाक येता मा?"

कुडासेचा व्यापारी फसकन हसला. मग बाकीचे. भावाचा चेहरा लाल झाला आणि तो बोलला, वर. मी बोलले. तो बोलला. माझं काळीज जोरात चाललं होतं, पण मी प्रत्येक आकड्याआधी श्वास पूर्ण सोडत होते, आणि मला जाणवलं की ज्याला ट्रकांनी गाठलंय तो आज माझ्यासमोर उभा आहे. त्याला बाग दिसत नव्हती, फक्त मी दिसत होते. कुडासेकराने एकदा माझ्याकडे बघितलं, मी नको म्हणून किंचित मान हलवली, आणि तो जुना खेळाडू गप्प बसला. त्याच्यानंतर कुणीच मध्ये पडलं नाही.

ती बाग भरभरून लागली तरी पैसे जेमतेम सुटतील, त्या आकड्यापर्यंत मी त्याला नेलं. मग एक पायरी अजून. त्याने तीही ओलांडली, आणि मी थांबले.

म्हाताऱ्याने विचारलं, "बाय, सोडलंस?"

"सोडलंय."

जिंकल्यासारखं वाटलं नाही. नारळावर भावाचा हात होता, आणि त्याच्या मागे उतारावर ती झाडं. मला ती हवी होती. मी ती परत घेऊन वाचवू शकले असते, एक-दोन हंगाम तोटा सोसून. मी तो सोसायचा नाही असं ठरवलं.

चैत्रात तो शेडवर आला. गोण्या नव्हत्याच फार. मी त्याच्यासमोर बिया कापल्या, जशा कुणाच्याही कापते. निम्म्याहून जास्त पोकळ. तो म्हणाला, "तुका म्हायत होतां."

"होतां."

"मग बोललंस कशाक नाय? सख्खो भाव मी तुझो."

सोलणाऱ्या बायकांनी या वेळी हात थांबवले नाहीत, पण कान इकडेच होते. मी कातर पुसून बाजूला ठेवली.

"मी बोललंय असतंय, तर तू म्हणालं असतंस, हार्मोन बोलतत."

तो गेला, चहा न घेता. मी त्याला त्या मालाचा जो योग्य भाव होता तो दिला, ना कमी ना जास्त. दिवेलागणीला जेवले. हल्लीचे रिपोर्ट चांगले आहेत, डॉक्टरीणबाई खूश आहेत. त्या विचारतात, भावाला माफ केलंत का? मी म्हणते, ते तुमच्या गोळ्यांच्या यादीत नव्हतं. मग त्या माझा हात पुढे घेतात, रक्तदाबाचा पट्टा गुंडाळतात आणि सांगतात, आता जरा वेळ बोलू नका.